पतंगास फसवावें काय?

मनुष्यानें मनुष्यास फसवूं नये, हें आपण लहानपणापासून शिकतों. परंतु शेतांतील किड्यास फसविलें तर दोष लागतो काय? वाचकहो, प्रश्न पोरकट वाटेल. तथापि कापूस पिकविणाऱ्यानें त्याचा विचार करावा असा तो आहे.

कपाशीच्या गुलाबी बोंडअळीचा पतंग रात्रीं उडतो. मादी अंगांतून सूक्ष्म गंध सोडते, व त्या गंधाच्या मागानें नर तिच्यापाशीं येतो. असा गंध कोणत्या द्रव्याचा असतो, हें प्रथम १९५९ सालीं जर्मन शास्त्रज्ञ बुटेनांट यांनीं रेशमाच्या सुमारें पांच लक्ष माद्यांवरून शोधिलें. बोंडअळीचा गंध १९७३ सालीं ओळखिला गेला. आतां तोच गंध कृतीनें तयार करून बारीक नळ्यांत भरतात व त्या कपाशीच्या झाडांस बांधतात. सारें शेत गंधानें भरतें. नरास खरी मादी सांपडत नाहीं. आणि संयोगावांचून घातलेल्या अंड्यांतून अळी निघत नाहीं.

ही फसवणूक आहे खरी. परंतु लबाडीचा दोष कशांत असतो? ज्यानें आपणांवर विश्वास ठेविला, त्याचा घात करण्यांत. पतंगास आपण कांहीं वचन दिलेलें नाहीं. उलट विषाचें पाहा. अळी एकदां बोंडांत शिरली कीं फवारा तिला पोंचत नाहीं. तो पोंचतो मधमाशीला आणि पाठीवर पंप घेतलेल्या मजुराला. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें २० हून अधिक शेतकरी व मजूर मरण पावले. पतंगाविषयीं ज्याचें मन कचरतें, त्यानें आधीं स्वतःस विचारावें: "औषध सौम्य आहे" असें सांगून मीं मजुरास फसविलें काय?

आणखी एक गोष्ट. हा उपाय एकट्याच्या लहान शेतांत साधत नाहीं. शेजारच्या शेतांत संयोग झालेली मादी उडत येऊन आपल्या कपाशीवर अंडीं घालते. म्हणून कीड माजण्यापूर्वीं, पात्या लागण्याच्या सुमारास, साऱ्या गांवानें एकदम नळ्या बांधाव्या लागतात. अमेरिकेंत शेतकऱ्यांनीं हा गंध, वांझ केलेले पतंग व इतर उपाय एकजुटीनें योजिले, तेव्हां २०१८ सालीं तेथील कापसाच्या मुलखांतून ही कीड गेल्याचें जाहीर झालें.

तेव्हां पतंगास फसवावयाचें तर शेजाऱ्यांनीं एकमेकांशीं खरें असावें लागतें. "मीं बांधल्या" असें सांगून जो बांधीत नाहीं, त्याचीच लबाडी खरी लबाडी होय.