तोंडीचे वीस मार्क

'झुंबानं किरवातल्या लोपटीला सकाळीच खुडकलं. त्यामुळे गवाळे फार भिसकटले.'

आता प्रश्न. लोपटीला कुणी खुडकलं? झुंबानं. कधी खुडकलं? सकाळीच. गवाळे का भिसकटले? कारण झुंबानं लोपटीला खुडकलं. तीन प्रश्न, तिन्ही उत्तरं बरोबर, मार्क पूर्ण. झुंब काय, लोपटी काय आणि भिसकटणं म्हणजे काय, हे मलाही ठाऊक नाही. हे शब्द मी आत्ताच बनवले आहेत.

दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात उतारा समोर आला की मराठी माध्यमातली बरीच मुलं हेच करतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा, सापडला की मागच्या पूर्णविरामापासून पुढच्या पूर्णविरामापर्यंतचं वाक्य जसंच्या तसं उतरवायचं. यात लबाडी नाही. पेपर कसा चालतो याचा नीट अभ्यास करून मुलांनी काढलेली ही वाट आहे आणि क्लासवाले ती पहिल्याच आठवड्यात दाखवून देतात. अडचण एवढीच, की ही हुशारी इंग्रजीच्या खात्यावर जमा होते.

असा पेपर काढणारे अडाणी नव्हते. तो इथवर कसा आला, याला दीडशे वर्षांहून मोठा इतिहास आहे.

मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. विद्यापीठाला हवी होती इंग्रजीतली व्याख्यानं समजून घेतील आणि इंग्रजीत लिहितील अशी मुलं, आणि मॅट्रिक ही त्यासाठीची चाळणी होती. शाळेत त्या इंग्रजीची तयारी व्हायची ती मुख्यतः भाषांतरातून. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घराघरांत होती. मराठी वाक्याचं इंग्रजी करा, इंग्रजीचं मराठी करा, हाच शिकण्याचा मार्ग आणि हीच परीक्षा. पुढे या पद्धतीची भरपूर टिंगल झाली. तर्खडकरी इंग्रजी म्हणजे पोथीतलं, बोलता न येणारं इंग्रजी. टिंगल बरीचशी रास्त होती. पण एक गोष्ट त्या जुन्या मास्तरांच्या बाजूनं बोलायलाच हवी. लोपटीच्या उताऱ्यावर प्रश्नोत्तरं लिहिता येतात, त्याचं भाषांतर करता येत नाही. भाषांतर करताना मुलाला अर्थापासून पळता येत नाही.

भाषांतराचं आणि निबंधाचं दुखणं वेगळं होतं. मार्क द्यायचे कुणी? एका परीक्षकाला जे बरं वाटेल ते दुसऱ्याला सामान्य वाटेल. ही शंका जुनीच, पण तिला आकड्यांचा आधार दिला तो फिलिप हार्टॉग यांनी. हे गृहस्थ ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. हिंदुस्थानातल्या शिक्षणाचा आढावा घेणारी १९२९ ची हार्टॉग समितीही त्यांचीच. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी संख्याशास्त्रज्ञ ऱ्होड्स यांच्याबरोबर १९३५ मध्ये परीक्षांचीच परीक्षा घेतली. त्यातला एक प्रयोग असा. शालान्त इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका, सगळ्यांना मूळ परीक्षेत सारखेच मार्क मिळालेले. त्या परीक्षकांकडून पुन्हा तपासून घेतल्या. मग वर्ष-दीड वर्ष जाऊ दिलं आणि त्याच परीक्षकांपैकी चौदा जणांना त्याच उत्तरपत्रिका पुन्हा दिल्या. नापास, पास की त्याहून वरचा वर्ग, असे एकूण २१० निर्णय झाले आणि त्यांतले ९२ निर्णय बदलले. म्हणजे परीक्षक दुसऱ्याशी सहमत नसतो हे तर झालंच, तो स्वतःशीही सहमत नसतो. विषय इतिहासाचा होता, पण मे महिन्यात इंग्रजीच्या निबंधांचे गठ्ठे उपसलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. दुपारी चारनंतर तपासलेल्या पेपरांचं नशीब वेगळं असतं, हे स्टाफरूममध्ये सगळेच कबूल करतात.

यावर विसाव्या शतकानं उपाय शोधला तो परीक्षकालाच वजा करण्याचा. भाषेचे सुटे भाग करा. एका प्रश्नात एकच भाग तपासा आणि उत्तर असं ठेवा की कुणीही तपासलं तरी मार्क तेच पडतील. रॉबर्ट लाडो यांचं १९६१ सालचं भाषा-चाचणीवरचं पुस्तक या विचाराचा पाया मानलं जातं. ऱ्हस्व 'शिप' आणि दीर्घ 'शीप' यांतला फरक मुलाला ऐकू येतो का, योग्य शब्दयोगी अव्यय निवडता येतं का, क्रियापदाला 'एस' लावतो का. चार पर्याय, एक बरोबर. आपल्याकडच्या 'रिकाम्या जागा भरा', 'वाक्य बदला', 'ॲक्टिव्हचं पॅसिव्ह करा' या प्रश्नांनाही हीच शिस्त सोयीची पडली. तपासायला सोपे, भांडणाला जागा नाही, फेरतपासणीत मार्क हलत नाहीत. हजारो परीक्षक आणि लाखो उत्तरपत्रिका असलेल्या मंडळाला हे किती गोड वाटलं असेल, ते समजू शकतं.

लाडोंचं पुस्तक आलं त्याच वर्षी जॉन कॅरल यांनी हरकत घेतली होती. सुटे भाग मोजून गाडी चालते की नाही ते कळत नाही, अशा धर्तीची ती हरकत. पुढे क्लोज चाचणीनं या वादात मधली वाट काढली. सलग उताऱ्यातला ठरावीक अंतरावरचा शब्द खोडायचा, समजा दर सातवा, आणि मुलानं तो संदर्भावरून भरायचा. विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये ही युक्ती काढली होती ती मजकूर किती वाचनीय आहे हे मोजायला. भाषाशिक्षणवाल्यांनी ती उचलली आणि मजकुराऐवजी वाचणाऱ्याला मोजायला लागले. डेल हाइम्स यांनी तर प्रश्नच रुंद केला. व्याकरणशुद्ध वाक्य रचता येणं पुरेसं नाही, कुणाशी, कुठे, काय बोलावं हे कळणं हाही भाषेचाच भाग आहे. आज जगभर 'ए-वन', 'बी-टू' अशा युरोपीय पायऱ्या चालतात. 'अमुक करता येतं' अशा वाक्यांत मांडलेल्या त्या पायऱ्या याच विचारातून आल्या. त्या २००१ सालच्या.

या घडामोडीत भारताचाही एक प्रयोग आहे आणि तो आपल्या शिक्षक-प्रशिक्षणात जेमतेम उल्लेखापुरता येतो, याचं मला वाईट वाटतं. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर आणि मद्रासकडच्या साध्या शाळांमध्ये व्याकरण न शिकवता इंग्रजी शिकवून पाहिलं. मुलांपुढे रेल्वेचं वेळापत्रक ठेवायचं, नकाशा ठेवायचा आणि कोडं सोडवायला लावायचं. लक्ष अर्थावर राहिलं की व्याकरण मागून येतं, हा त्यांचा विश्वास. शेवटी मूल्यमापन करायला बाहेरचे तज्ज्ञ आले आणि तिथे खरी गंमत झाली. व्याकरणाची चाचणी घेतली की नेहमीच्या वर्गातली मुलं वरचढ, कामं करून दाखवायची चाचणी घेतली की प्रभूंच्या वर्गातली. मग इंग्रजी कुणाला जास्त येतं? मोजपट्टी निवडली की उत्तर निम्मं ठरून जातं. बिचाऱ्या मूल्यमापकांनी दोन्ही वर्गांना निःपक्षपाती ठरतील अशाही चाचण्या रचल्या. पण सर्वस्वी निःपक्षपाती चाचणी नावाची वस्तू कुठे असते का, ही माझी शंका त्यामुळे गेली नाही.

मग सुधारकांनी डाव उलटा टाकायचा ठरवला. मुलं आणि शिक्षक परीक्षेच्या मागेच धावणार असतील, तर परीक्षाच चांगली करा, वर्ग आपोआप सुधारतील. श्रीलंकेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस हेच झालं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या ओ-लेव्हल परीक्षेत इंग्रजीचा नवा, व्यवहारी पेपर आणला. डायन वॉल आणि चार्ल्स ऑल्डरसन यांनी वर्गांमध्ये बसून त्याचे परिणाम टिपले. शिक्षक काय शिकवतात ते बदललं होतं, कसं शिकवतात ते बदललं नव्हतं. नव्या पेपरातले नवे प्रश्न जुन्याच रीतीनं पाठ करून घेतले जात होते.

महाराष्ट्रात याहून वेगळं काय घडलं? इंग्रजी कधीपासून शिकवावं यावर आपण हिरिरीनं भांडलो. मुंबई राज्याच्या खेर मंत्रिमंडळाच्या काळात ते आठवीवर गेलं, २००० साली पहिलीवर आलं. मुलांना ते आलं की नाही हे कसं ओळखायचं, यावर तेवढं भांडण झालेलं मला आठवत नाही. प्रश्नपत्रिकेचं नाव कृतिपत्रिका झालं. जाहिरातीचं पत्रक तयार करा, मुलाखतीचे प्रश्न लिहा, एखाद्या मताच्या विरुद्ध बाजू मांडा, असे प्रश्न आले. कागदावर हे सारं उत्तम आहे. बाजारात लगेच त्याचे साचे आले. पत्रकाची पहिली ओळ, शेवटची ओळ, चौकट, फोन नंबर. मतभेदाच्या परिच्छेदाची सुरुवात महाराष्ट्रभर एकाच वाक्यानं होते, मग विषय मोबाइल असो की वृक्षतोड. कोकणातलं पोर आणि मराठवाड्यातलं पोर एकाच शब्दांत असहमत होतं, हे पाहून कधी हसू येतं. भाषांतराचे मोजके मार्क मात्र कृतिपत्रिकेत मागच्या दारानं परत आले आहेत. मला ते बरं वाटलं.

या सगळ्यातून एक जागा मोकळी राहते ती तोंडी परीक्षेची. शंभरापैकी ऐंशी लेखी आणि वीस तोंडीचे, शाळेच्या हातात, असा हिशेब होता. शाळा वीसच्या वीस वाटतात, अशी ओरड झाली आणि ती खोटी नव्हती. म्हणून २०१८-१९ मध्ये भाषांचे आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत मार्कच काढून टाकले. मार्च २०१९ च्या परीक्षेत राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. अभ्यासक्रमही त्याच वर्षी नवा होता, त्यामुळे सगळं पाप त्या वीस मार्कांच्या माथी मारता येणार नाही. पण गदारोळ त्यांच्यावरूनच झाला, कारण इतर मंडळांच्या मुलांना असे मार्क मिळत होते आणि अकरावीच्या प्रवेशाची रांग एकच होती. पुढच्याच वर्षी वीस मार्क परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला, त्याला कोरोनामुळे रद्द झालेला भूगोलाचा पेपरही साक्षीला होता.

या दोन वर्षांच्या चर्चेत टक्केवारी, प्रवेश, अन्याय हे शब्द पुष्कळ आले. मुलांच्या बोलण्याबद्दल कुणी काही बोललं नाही. वीस मार्क असताना ती बोलत होती का आणि नसताना बोलायची थांबली का, हे विचारायला हवं होतं.

तोंडी परीक्षा प्रत्यक्षात कशी होते ते सांगतो. नववीतली एक मुलगी समोर उभी राहते आणि स्वतःची ओळख सांगते. नाव, गाव, वडील, आई, छंद. एका दमात, चुकीशिवाय, नजर भिंतीवर. ही ओळख तिची पाचवीपासून पाठ आहे. सर विचारतात, आज उशीर का झाला? प्रश्न इंग्रजीत, पाठात नसलेला. ती गोंधळते, हातांनी पायडल मारल्यासारखं करते आणि म्हणते, 'सर, सायकल… चेन फॉल. आय वॉक.' पहिल्या उत्तरात एकही चूक नाही आणि एकही विचार नाही. दुसऱ्यात व्याकरणाच्या नावानं शंख आहे, पण घडलेली गोष्ट सरांपर्यंत पोहोचली. पाचपैकी किती द्यायचे? मी हा प्रश्न वेगवेगळ्या शिक्षकांना विचारला आहे. एक म्हणाले, क्रियापदाचा काळच चुकलाय, दोन द्या. एक बाई म्हणाल्या, पाच. उरलेल्यांनी शाळेच्या रीतीप्रमाणे चार दिले, कारण चार दिले की कुणी विचारायला येत नाही.

आपला सगळा इतिहास या एका क्षणाला वळसा घालून गेला आहे, असं मला वाटतं. परीक्षकाच्या मनाचा भरवसा नाही हे हार्टॉगनी दाखवलं आणि आपण त्याला शिक्षा म्हणून काढूनच टाकलं. जे त्याच्याशिवाय मोजता येतं तेवढंच इंग्रजी उरलं. लेखी पेपर जितका निर्दोष केला तितका तो लोपटीच्या उताऱ्याकडे सरकत गेला. आणि जिथे परीक्षक काढता येत नव्हता त्या तोंडी परीक्षेत त्याला एकटं सोडलं. ना तयारी, ना कुणी बरोबर बसून ऐकणारं. मग तो मार्क वाटणार नाही तर काय करणार?

'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या सर्वेक्षणाचे कार्यकर्ते याच कामाची एक साधी रीत वर्षानुवर्षं वापरत आले आहेत. गावात जायचं, मुलाशेजारी बसायचं, इंग्रजी वाक्य वाचायला द्यायचं आणि वाचलं की अर्थ त्याच्या भाषेत विचारायचा. २०२३ च्या सर्वेक्षणात ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयाच्या ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्यं वाचता आली. वाचू शकणाऱ्यांपैकी तीन-चतुर्थांशांच्या आसपास मुलांनी अर्थ सांगितला. उरलेल्या पाव हिश्शाकडे पाहा. ती मुलं अक्षरं आवाजात आणतात, अर्थ हाती लागत नाही. ती आपल्या कृतिपत्रिकेत पास होतील. असरच्या कार्यकर्त्याला ती सापडली, कारण त्यानं अर्थ मराठीत, हिंदीत, तमिळमध्ये चालवून घेतला. तर्खडकर मास्तरांना हे पटलं असतं.

तोंडी परीक्षेसाठी फार मोठं काही लागत नाही. इंग्लंडातल्या परीक्षा मंडळांमध्ये तपासणीच्या आधी सगळे परीक्षक तेच नमुने तपासतात आणि त्यांचे मार्क जुळतात का ते पाहिलं जातं. आपल्याकडे लेखी पेपरांसाठी नियामकांची बैठक होतेच. तशी तोंडीसाठी तालुक्यात एक व्हावी. दहा मुलांचं बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करून आणावं, नावं काढून टाकावीत आणि सगळ्या इंग्रजी शिक्षकांनी ते ऐकून आपापले मार्क आधी कागदावर लिहावेत. मग कागद उलटे करावेत. दोन देणाऱ्या सरांनी पाच देणाऱ्या बाईंना कारण विचारावं, बाईंनी सरांना. चार देणाऱ्यांनाही मग कारण द्यावं लागेल. पहिल्या वर्षी त्या दिवशी बहुधा काहीच ठरणार नाही, चहा मात्र दोनदा होईल.