दोन धन्यांची चाकरी



संत गोन्सालो गार्सिया आपल्या वसईचे. त्यांच्या हौतात्म्याची कथा आपण धर्मशिक्षणाच्या वर्गापासून ऐकत आलो आहोत. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे त्यांना क्रुसावर चढविण्यात आले. पुढे ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस ह्यांनी त्यांना संतपद बहाल केले. त्यांचा क्रूस आठवला की आपले मस्तक आपोआप लवते. परंतु त्या क्रुसाच्या कितीतरी वर्षे आधी त्यांनी एक निर्णय घेतला होता. आज आपण त्या निर्णयावर मनन करू या.

तरुण वयात गोन्सालो व्यापारी होते. धंद्यात जम बसला होता, जपानी भाषा अवगत होती, लोकांशी ओळखी होत्या. व्यापार करणे हे काही पाप नव्हे. तरीही तो व्यापार सोडून ते मनिलाला गेले आणि फ्रान्सिस्कन संघात साधे ब्रदर झाले. १५९३ साली ते जपानला परतले ते मिशनऱ्यांचे दुभाषी म्हणून. ज्या भाषेत त्यांनी मालाचे भाव केले, त्याच भाषेत आता सुवार्ता पोहोचू लागली. देवाने त्यांचे कौशल्य वाया घालवले नाही. धनी तेवढा बदलला!

मोह म्हटला की दारू, जुगार, व्यभिचार आपल्या डोळ्यांसमोर येतात. ते मोह आहेतच. पण श्रद्धावंत माणसाकडे सैतान बहुधा चांगल्या वस्तूचा हात धरून येतो. संत ऑगस्टीन ह्यांची शिकवण हेच सांगते. प्रत्येक वस्तूवर तिच्या योग्यतेइतके प्रेम करावे. कमी मोलाची वस्तू देवाच्या जागी बसवली की माणसाचे जीवन विस्कटते. वस्तू चांगलीच असते, तिची जागा चुकलेली असते.

आपल्या गावांत काय घडते आहे? आजोबा-पणजोबांनी रहाटाच्या पाण्यावर केळीच्या आणि पानवेलीच्या बागा पोसल्या. आज त्याच वाडीला सोन्याचा भाव आला आहे. आजारपणासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी कोणी जमीन विकली तर त्याला आपण दोष देणार नाही. परंतु सातबाऱ्यावरच्या नावावरून सख्खे भाऊ एकमेकांचे तोंड पाहीनासे होतात, आणि रविवारी एकाच वेदीपुढे एकाच रांगेत कम्युनियनसाठी उभे राहतात, तेव्हा आपण कोणत्या धन्याची चाकरी करीत आहोत? वेदीशी आलेल्या माणसाला भावाची आठवण झाली, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा, असे प्रभू येशूने सांगितले आहे. ही आज्ञा आपण वाचतो, ऐकतो आणि पुढच्या पानावर जातो.

रविवारचेही तसेच. मुलांचा क्लास हवा, क्रिकेटची मॅचही हवी. पण त्यांपायी मिस्सा चुकली तर मुले काय शिकतात? देव उरलेल्या वेळेत भेटला तरी चालतो, हेच ना! मिस्सा पाच मिनिटे लांबली तर आपण घड्याळ पाहतो. घरासाठी टाइल्स निवडायला मात्र अख्खा दिवस पुरत नाही.

कोणी म्हणेल, "फादर, गोन्सालो ब्रदर होते, आम्ही संसारी माणसे. आम्हांला हे कसे जमणार?" नागासाकीच्या त्या सव्वीस हुतात्म्यांपैकी सतरा जण जपानी प्रापंचिक होते. त्यांत सुतार होता, स्वयंपाकी होता. एक बाप होता आणि त्याचा चौदा वर्षांचा मुलगा थॉमस होता. त्या मुलाने श्रद्धा क्रुसापाशी पोहोचल्यावर शिकली नसेल. घरात बापाला प्रार्थना करताना त्याने पाहिले असेल.

आपल्यापुढे क्रूस नाही. आपल्यापुढे वाटणीचा कागद आहे, लग्नाच्या खर्चाची यादी आहे, रात्री जपमाळेच्या वेळी चालू असलेला टीव्ही आणि हातातला मोबाईल आहे. आपल्या श्रद्धेची कसोटी येथेच लागते. संपूर्ण मनाने देवावर प्रीती करणे म्हणजे ह्या गोष्टी टाकून रानात जाणे नव्हे. ह्या प्रत्येक गोष्टीचा धनी देव आहे, हे आपल्या व्यवहारातून दिसणे होय.

तेव्हा ह्या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने एक गोष्ट करावी. ज्या भावाशी, बहिणीशी किंवा शेजाऱ्याशी बोलणे बंद आहे, त्यांच्या ओट्यावर जाऊन बसावे. जमिनीचा विषय पहिल्याच दिवशी सुटणार नाही. पण पाणी तरी मागावे. येत्या रविवारी वेदीपुढच्या रांगेत आपण दोघे उभे असू, तेव्हा त्या रांगेला खरा अर्थ येईल.

संत गोन्सालो गार्सिया, आम्हांसाठी विनंती कर.

आपले धर्मगुरू