भुतांमधील आवडनिवड

भयपट पाहावेत की नाहीत, हा प्रश्न आपल्या घरांत बहुधा मुलांच्या झोपेपुरताच विचारला जातो. रात्री दचकून उठणार असतील तर पाहू नयेत, नसतील तर पाहू द्यावेत. परंतु या चित्रपटांच्या चाहत्यांशी चार गोष्टी बोलल्या की ध्यानात येते, प्रत्येकाचे आपले असे एक आवडते भूत असते. कोणाला रक्तपिपासू ड्रॅक्युला लागतो, कोणाला पांढऱ्या साडीतील हडळ, कोणाला झपाटलेली मुलगी, तर कोणाला ‘झपाटलेला’ (१९९३) मधील तात्या विंचूसारखा हसवता हसवता घाबरवणारा बाहुला. ही आवडनिवड केवळ रुचीची बाब म्हणून सोडून द्यावी काय? मला तसे वाटत नाही. कोणाला भ्यायचे हे ठरवताना दोषी कोण, हेही आपण नकळत ठरवून टाकत असतो.

रामसे बंधूंचे चित्रपट आपल्याकडे एका पिढीने आवडीने पाहिले. ‘पुराना मंदिर’ (१९८४) मधील सामरी हा त्यांचा सर्वांत गाजलेला राक्षस. त्याचे शिर एकीकडे आणि धड दुसरीकडे ठेवलेले, आणि राजघराण्याला त्याचा शाप. हा प्रकार मला निरुपद्रवी वाटतो, थोडा बालिशही. सामरीसारखा मनुष्य कोणाच्या शेजारी राहत नाही. चित्रपट संपला की तो पडद्यावरच राहतो, आणि प्रेक्षक सायकलींची कुलपे काढू लागतात.

चेटकिणीचे तसे नाही. ‘वीराना’ (१९८८) किंवा त्या जातीच्या इतर चित्रपटांतील चेटकीण पडद्यावरून उतरली, तर तिला राहायला गाव मिळते. करणी आणि भानामती हे शब्द मराठवाड्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. १९९९ साली परभणीतून वेगळा झालेला आमचा हिंगोली जिल्हा हळदीसाठी प्रसिद्ध आहे. वसमत आणि हिंगोलीच्या बाजारांत हळदीची पोती लागतात तेव्हा सारा आसमंत त्या वासाने भरून जातो. तीच हळद लिंबासोबत कोणाच्या उंबऱ्यापाशी सापडली, की बोट कोणाकडे वळते? जमीनदाराकडे नव्हे, सावकाराकडे तर नव्हेच. ते वळते एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडे, मूलबाळ नसलेल्या विधवेकडे. करणीचा संशय सिनेमाहून कितीतरी जुना आहे. सिनेमाने तो निर्माण केला नाही. पण पिंजारलेले केस, पिचलेला आवाज, रोखलेली नजर असा तिचा चेहरा त्याने पुन्हा पुन्हा रंगवला, आणि हा चेहरा गरिबी व म्हातारपण यांच्या चेहऱ्याशी फार मिळताजुळता आहे. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा पुण्यात खून झाल्यावर. भूत उतरवण्याच्या नावाखाली होणारी मारहाण आणि चेटूक केल्याचा आळ घेऊन केलेला छळ हे आता गुन्हे आहेत. असे कलम लिहावे लागते, यातच सर्व आले. म्हणून चेटकिणीचा चित्रपट मला आवडत नाही. त्यात भय फार आहे म्हणून नव्हे. त्यातील भयाला बळी आयता मिळतो म्हणून.

‘द एक्झॉर्सिस्ट’ (१९७३) विषयी आपल्या वाचकांना कुतूहल असणारच, कारण त्यात धर्मगुरू आहेत, क्रूस आहे, पवित्र पाणी आहे. चित्रपट समर्थ आहे, यात शंका नाही. मात्र तो पाहून ‘आपल्या धर्मातही हे आहेच’ असा जो निष्कर्ष काढला जातो, तो अर्धाच खरा. ख्रिस्तसभेचा नियम असा की हा विधी करायला धर्मप्रांताच्या बिशपांची स्पष्ट अनुज्ञा लागते, आणि समोरचा मनुष्य आजारी तर नाही ना, याची खातरजमा आधी करावी लागते. आजार, विशेषतः मनाचा आजार, हा वैद्यकाचा प्रांत. चित्रपटातील आईसुद्धा मुलीला घेऊन प्रथम डॉक्टरांचेच उंबरठे झिजवते. तो भाग प्रेक्षकांच्या स्मरणात राहत नाही; फिरणारी मान तेवढी राहते.

मग माझे आवडते राक्षस कोणते? पहिला मेरी शेली यांच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ (१८१८) मधील. त्याला नावसुद्धा नाही. ज्या नावाने लोक त्याला ओळखतात ते त्याला घडवून टाकून देणाऱ्याचे. कादंबरीत त्याच्याशी प्रेमाने बोलणारा एकच मनुष्य भेटतो, तो एक आंधळा वृद्ध. डोळस माणसे घरी परततात आणि त्याला मारून हाकलतात. दुसरा ‘तुंबाड’ (२०१८) मधील हस्तर. सोने त्याच्यापाशी अपार, पण अन्नाचा कण त्याला मिळायचा नाही असा शाप. कणकेची बाहुली दाखवून त्याला भुलवायचे आणि तो खाण्यात गुंतला की मोहरा लुटायच्या, हा विनायकाचा धंदा. भुकेल्याला पिठाचे आमिष दाखवून त्याचे धन काढून घेणे! हा व्यवहार कोकणातल्या एका वाड्यापुरता आहे, असे कोणी म्हणू नये. ‘लपाछपी’ (२०१७) मध्ये उसाच्या फडातील भुतांना आपण घाबरतो खरे, पण मुली नकोशा झालेल्या जिवंत माणसांपुढे ती भुते केविलवाणी वाटू लागतात. ऊस आमच्याकडेही उभा असतो. या चित्रपटांतून बाहेर पडताना शेजारणीकडे संशयाने पाहावेसे वाटत नाही. स्वतःच्या घराकडे पाहावेसे वाटते.

याच जिल्ह्यातील नरसी गावाचे नाव संत नामदेवांशी जोडलेले आहे. त्यांच्याविषयी उत्तरेत एक आख्यायिका सांगतात की अक्राळविक्राळ पिशाच समोर उभे राहिले, तेव्हा त्यांनी त्याच्यातही आपला देव पाहिला आणि आनंदाने गाऊ लागले. आख्यायिकेला इतिहास म्हणू नये, पण ती ज्यांनी रचली त्यांची भुतांमधील आवड उच्च दर्जाची होती.

संत मार्कच्या शुभवर्तमानातील पाचवा अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. गरसेकरांच्या प्रदेशातील तो मनुष्य थडग्यांत राहतो, साखळदंड तोडतो, रात्रंदिवस ओरडतो, दगडांनी स्वतःला ठेचून घेतो. भयपटाची सारी सामग्री तिथे आहे. प्रभू येशू त्याला पहिला प्रश्न विचारतात तो नावाचा. पुढे गावकरी येतात आणि पाहतात, तो वस्त्रे नेसून शांत बसला आहे, शुद्धीवर आहे. आणि इथे संत मार्क लिहितात की त्यांना भीती वाटली. ओरडणाऱ्या वेड्याची त्यांना सवय झाली होती. सुमारे दोन हजार डुकरे बुडाली होती आणि एक मनुष्य परत मिळाला होता. हा हिशेब त्यांना परवडेना, तेव्हा त्यांनी प्रभूलाच आपल्या प्रदेशातून जाण्याची विनंती केली. तो मनुष्य प्रभूबरोबर जायला निघाला, तर त्याला सोबत न घेता त्याच्याच घरी, त्याच्याच माणसांत परत पाठवण्यात आले. त्या रात्री त्याला दार कोणी उघडले, यावर कधी चित्रपट निघाला, तर तो मी सर्वांच्या आधी पाहीन.