गंधसरू गोळा करणारा राजा

शास्त्रपाठ : २ शमुवेल अध्याय ७, १ इतिहास अध्याय २२, २८ व २९



वाईट इच्छेला देवाने नकार दिला तर आपल्याला नवल वाटत नाही. गर्विष्ठाचा बेत फसला की आपण न्याय झाला असे म्हणतो. परंतु देवाच्याच गौरवासाठी मनात आलेल्या एखाद्या चांगल्या इच्छेला देव 'नाही' म्हणतो, तेव्हा भक्ताने काय करावे? नम्रतेची खरी कसोटी त्या घडीला लागते. अशा कसोटीतून गेलेल्या एका राजाविषयी आज आपण मनन करू या.

दावीद राजा यरुशलेमेत स्थिरावला होता. परमेश्वराने त्याला सभोवतालच्या शत्रूंपासून विसावा दिला होता. अशा सुखाच्या दिवसांत त्याच्या मनाला एक खंत लागली. आपण गंधसरूच्या घरात राहतो आणि देवाचा कोश मात्र कनातीच्या आत आहे, हे त्याला बरे वाटेना. त्याने ही गोष्ट नाथान संदेष्ट्याजवळ बोलून दाखविली. नाथानाने तत्काळ होकार दिला. एवढ्या भक्तिमान राजाच्या एवढ्या भक्तिमान इच्छेत काही वावगे असेल, असे त्याला वाटले नाही. पण त्याच रात्री परमेश्वराचे वचन त्याला प्राप्त झाले आणि आदल्या दिवशी दिलेला शब्द मागे घेण्यासाठी त्याला पुन्हा राजाकडे जावे लागले. म्हणजे या प्रसंगात प्रथम नमावे लागले ते संदेष्ट्याला! चांगली इच्छा आणि देवाची इच्छा या दोन्ही एकच असतील असे गृहीत धरणे किती सोपे आहे, हे येथे दिसते.

देवाचे उत्तर काय होते? दाविदाने देवासाठी घर बांधावयाचे योजिले होते; देवाने दाविदाचे घराणे उभारावयाचे ठरविले होते. मंदिर मात्र त्याचा पुत्र बांधील. दाविदाने शलमोनाला पुढे याचे कारणही सांगितले आहे. आपल्या हातून लढायांत पुष्कळ रक्त सांडले आहे, म्हणून हे काम आपल्याला दिलेले नाही, असे तो म्हणतो. किती कठीण वचन हे! ज्या लढायांमुळे राज्याला विसावा मिळाला, त्याच लढायांमुळे विसाव्याच्या काळातले सर्वांत मोठे काम त्याच्या हातून काढून घेतले गेले. ज्याने पाया रोवण्याजोगी शांतता मिळविली, त्याला पाया रोवण्याचा मान नाही!

तुम्ही दाविदाच्या जागी असता तर काय केले असते? काही जण रुसून बसतात. काही जण देवाचा नकार ऐकू आला नाही असे दाखवून काम पुढे रेटतात. आणि काही जण म्हणतात, 'माझ्या हातून व्हावयाचे नाही ना, मग कोणी का करीना, मला त्याचे काय!' यांतला तिसरा मार्ग दिसावयास नम्र आहे, पण त्यात दुखावलेला अहंकारच हात झटकून उभा असतो.

दाविदाने यांतले काहीही केले नाही. तो आत गेला आणि परमेश्वरासमोर बसला. आपण कोण, आपले घराणे ते काय, की परमेश्वराने आपल्याला येथवर आणावे, असे त्याने देवाला विचारले. आयुष्याच्या शेवटी, मंदिरासाठी आणलेल्या सोन्यारुप्याच्या राशी समोर असतानाही त्याने जवळजवळ हाच प्रश्न पुन्हा केला. एकदा नकार मिळाला तेव्हा आणि एकदा दान दिले तेव्हा. ज्याला 'मी कोण?' हा प्रश्न दोन्ही वेळी सुचतो, तो देवाच्या अधिकाराखाली आला आहे असे समजावे.

आणि मग तो कामाला लागला. त्याने पाथरवट नेमले, खिळ्यांसाठी लोखंड साठविले, सीदोन व सोर येथल्या लोकांकडून गंधसरूची लाकडे आणविली. इतिहासाचे पहिले पुस्तक सांगते की त्याने १,००,००० किक्कार सोने आणि १०,००,००० किक्कार रुपे सिद्ध केले. याखेरीज आपल्या खाजगी भांडारातून ३,००० किक्कार ओफीरचे सोने व ७,००० किक्कार शुद्ध रुपे दिले. मंदिराचा आराखडाही त्याने शलमोनाच्या हाती सोपविला. जे घर आपल्या डोळ्यांना दिसणार नाही, ज्याला जग शलमोनाचे मंदिर म्हणणार, त्या घरासाठी हा वृद्ध राजा खिळ्यांपासून सोन्यापर्यंत सारे जमवीत राहिला. देवाचा नकार निमूटपणे सोसणारे पुष्कळ सापडतील. नकार मिळालेल्या कामासाठी, दुसऱ्याच्या हाताला बळ मिळावे म्हणून, स्वतःची तिजोरी रिकामी करणारा विरळाच.

ही नम्रता दाविदाला उपजत मिळाली होती असे मात्र नाही. याच राजाने यवाबाने विरोध केला असतानाही सैन्याची शिरगणती करविली होती. त्या गणतीनंतर आलेल्या मरीत ७०,००० माणसे मेली असे शास्त्र सांगते. ती मरी यबूसी अर्णान याच्या खळ्याजवळ थांबली. तेथे दाविदाने, दोष माझा आहे, शिक्षा मला होऊ दे, अशी विनवणी केली. अर्णान खळे फुकट देत असतानाही त्याने ते पूर्ण किंमत देऊन घेतले आणि वेदी बांधली. पुढे मोरिया डोंगरावरच्या त्याच खळ्याच्या जागी मंदिर उभे राहिले. बंधुभगिनींनो, जेथे राजाचा गर्व मोडला, ती जागा देवाने आपल्या घरासाठी निवडली.

याच राजवाड्यात याच्या उलट चित्रही दिसते. दावीद थकला तेव्हा त्याचा पुत्र अदोनीया याने आपणच राजा होणार असे ठरविले. रथ, स्वार आणि पुढे धावणारी पन्नास माणसे त्याने जमविली. दावीद दुसऱ्याच्या कामासाठी लाकडे जमवीत होता, तर अदोनीया स्वतःच्या नावासाठी माणसे. त्याची मेजवानी संपते न संपते तोच शलमोनाच्या अभिषेकाचा शिंगनाद ऐकू आला आणि पाहुणे भिऊन पांगले. स्वतः घेतलेला अधिकार एका शिंगाच्या आवाजानेही कोसळतो.

आरंभ करणारा जसा नम्र हवा, तसा पुढे नेणाराही. आपल्या मराठी मंडळीला याचे एक उदाहरण माहीत आहे. १९१९ साली रेव्हरंड नारायण वामन टिळक प्रभूकडे गेले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' प्रारंभीच्या काही अध्यायांवरच थांबले होते. शाळेचे रीतसर शिक्षण न मिळालेल्या लक्ष्मीबाईंनी ते काम उचलले आणि त्यातले बहुतांश अध्याय स्वतः रचले. त्यांनी स्वतःचे वेगळे काव्य आरंभिले असते तर कोणी नावे ठेवली नसती. पण दुसऱ्याने घातलेल्या पायावर चिरा चढविण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

आता आपल्या मंडळ्यांकडे पाहू या. आपल्या मंदिरांत कोनशिलेवर नावे असतात, बाकांवर असतात, क्वचित पंख्याच्या पात्यांवरही असतात. कृतज्ञतेने नाव कोरण्यात पाप नाही. पण माझे नाव नसते तर मी ती देणगी दिली असती काय, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. वीस वर्षे संडे स्कूल चालविणाऱ्या बहिणीला आपल्या जागी तरुण शिक्षिका आलेली पाहून आनंद होतो काय? नोकरीनिमित्त दूरच्या प्रांतात गेलेल्या ज्या वडिलांनी तेथे घरोघर फिरून मराठी उपासना सुरू केली, ते तिची सूत्रे पुढच्या पिढीच्या हाती देताना आराखडाही देतात, की फक्त तक्रारी देतात? आणि तरुणांनो, तुमच्या हाती मंदिर बांधण्याचे काम आले असेल, तर त्यासाठी गंधसरू कोणी जमविला याची तुम्हाला आठवण आहे काय?

येथे एक सावधगिरीचा शब्द सांगितला पाहिजे. माणसांनी दिलेला प्रत्येक नकार हा देवाचा नकार नसतो. दाविदाला वचन आले ते देवाकडून. नाथान स्वतःच्या मताने बोलला तेव्हा तो होकार देतानाही चुकला. म्हणून ज्यांच्या हाती पंचकमिटीचा किंवा मंडळीचा कारभार आहे, त्यांनी दुर्बळांची तोंडे बंद करण्यासाठी नम्रतेचा उपदेश वापरू नये. देवाचा अधिकार प्रथम अधिकाऱ्यांवर आहे. शास्त्र, प्रार्थना आणि प्रौढ विश्वासणाऱ्यांचा सल्ला यांच्या प्रकाशात देवाची इच्छा शोधावी. ती एकदा कळली म्हणजे मात्र वाद घालू नये, विटा वाहू लागावे.

दाविदाची इच्छा वाया गेली काय? नाही. मंदिराच्या समर्पणाच्या दिवशी शलमोनाने सर्व इस्राएलासमोर सांगितले की, माझ्या पित्याच्या मनात हे होते, आणि हे त्याच्या मनात आले ते चांगलेच झाले, असे परमेश्वराने त्याला म्हटले होते. देवाने कृती नाकारली, पण अंतःकरण स्वीकारले.

आणि दाविदाचे घराणे? त्याच घराण्यात, दाविदाच्याच नगरात, आपला प्रभू जन्मास आला. गेथशेमाने बागेत प्याला टळावा अशी त्याने प्रार्थना केली. ती इच्छाही निर्दोष होती. तरी त्याने आपली इच्छा पित्याच्या स्वाधीन केली आणि तो वधस्तंभाकडे चालू लागला. त्या आज्ञाधारकपणामुळे आज तुम्हीआम्ही जिवंत दगडांप्रमाणे देवाच्या मंदिरात रचले जात आहोत. या बांधकामात आपल्या वाट्याला कळस आला की खिळा, हे ठरविणे त्याच्याकडे आहे.

हे प्रभो, तू 'नाही' म्हणशील तेव्हा तुझ्यासमोर येऊन बसण्याची आणि तेथून उठून दुसऱ्याच्या कामासाठी लाकूड वाहण्याची कृपा आम्हांस दे. आमेन.