वादळानंतरची मोजणी

ह्या पत्राच्या वाचकांपैकी जे बंधुभगिनी श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दिवेआगर, म्हसळे व मुरुड ह्या बाजूस राहतात, त्यांस सन २०२० च्या जून महिन्याची ३ तारीख कसली होती हे सांगावयास नको. त्या दिवशी दुपारी निसर्ग नावाचे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता, व मधून मधून येणारे झोत ह्याहूनही जोराचे होते. काही तासांतच घरांची कौले व पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, आणि ज्या नारळी-पोफळीच्या वाड्यांवर कुटुंबांच्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या पोट भरले त्या वाड्या भुईसपाट झाल्या. कित्येक गावांत पुढे आठवडेच्या आठवडे विजेचा दिवा लागला नाही. आणि हे सर्व टाळेबंदीच्या दिवसांत, मुंबईहून येणारी मिळकत बंद पडलेली असता घडले.

ते दिवस आता मागे पडले. परंतु त्या दिवसांनी आमच्या मनात जो प्रश्न टाकला तो मागे पडला नाही. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते नावाचे दुसरे वादळ ह्याच किनाऱ्याजवळून गेले. अरबी समुद्राचे पाणी तापत चालले असून वादळांचे प्रमाण वाढत आहे, असे हवामानाचे अभ्यासक सांगतात. तेव्हा हा प्रश्न पुन्हा आपल्या दाराशी येणार हे उघड आहे. प्रश्न असा की, संकटकाळी सरकार जे देते ते काय आहे? ती भीक आहे, की बक्षीस आहे, की देणे आहे? आणि ते देणे असल्यास मोजणाऱ्याचे व मोजून घेणाऱ्याचे कर्तव्य काय?

प्रथम जे चांगले झाले ते कबूल करणे न्यायाचे आहे. वादळाची सूचना आगाऊ मिळाली, किनाऱ्यावरील हजारो माणसांस सुरक्षित ठिकाणी हलविण्यात आले, आणि एवढ्या मोठ्या वादळाच्या मानाने जीवितहानी फार थोडी झाली. दोनच दिवसांनी, ५ जून रोजी, तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे ह्यांनी अलिबागेस येऊन रायगड जिल्ह्यासाठी १०० कोटी रुपयांची तातडीची मदत जाहीर केली. नंतर मदतीचे दरही वाढविण्यात आले. पूर्ण पडलेल्या पक्क्या घरास पूर्वीच्या नियमाने ९५,१०० रुपये मिळत, त्याचे दीड लाख झाले. फळबागेस हेक्टरी १८,००० रुपये मिळत, त्याचे दोन हेक्टरांच्या मर्यादेपर्यंत ५०,००० झाले. ह्याबद्दल देवाचे आभार मानावे, आणि ज्यांनी ते केले त्यांच्याविषयी कृतज्ञ असावे.

परंतु कृतज्ञता वेगळी व लाचारी वेगळी. गावोगाव आम्ही असे बोलणे ऐकले की, "सरकार मायबाप आहे, जे पदरात टाकील ते घ्यावे, बोलू नये." हे बोलणे नम्रतेचे दिसते, पण ते खरे नाही. हा पैसा कोणाच्या घरचा नव्हे. जी म्हातारी बाजारातून साबणाची वडी विकत घेते तीही कर भरते. तिचा पैसा त्या कोषात आहे. सन २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने तर मदतीचे किमान निकष ठरविण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. पवित्र शास्त्रही हेच शिकविते. मोशेच्या नियमशास्त्रात शेताच्या कडेचे पीक गरिबासाठी राखावे अशी आज्ञा आहे. ते पीक मालकाच्या मर्जीवर सोडलेले नाही. देवाने ते आधीच गरिबाच्या नावे लावून ठेविले आहे. रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचावयास गेली तेव्हा ती भिक्षा मागत नव्हती. बवाजाचा चांगुलपणा असा की, त्याने तिला तिचे देणे तर दिलेच, वर मायाही दाखविली.

मदत हे देणे आहे असे एकदा मानले, म्हणजे दुसरी गोष्ट आपोआप पुढे येते. भीक कोणी मोजून देत नाही. देणे मात्र मोजावे लागते. म्हणून वादळानंतरची मोजणी ही नुसती कारकुनी नव्हे. ज्या लेवीय पुस्तकात शेताच्या कडेविषयी आज्ञा आहे, त्याच अध्यायात खरी तागडी व खरी वजने ठेवण्याविषयीही आज्ञा आहे.

आता श्रीवर्धनच्या वाडीस हेक्टरी दर लावून पाहा. हेक्टरास ५०,००० म्हणजे गुंठ्यास सुमारे ५०० रुपये. ह्या किनाऱ्यावर पुष्कळांच्या वाड्या हेक्टरांच्या नसून गुंठ्यांच्याच आहेत. एका गुंठ्यात दहा-बारा पोफळी सहज मावतात. तेव्हा एका पोफळीमागे ५० रुपयेही हाती येत नाहीत. पुढे तौक्ते वादळाच्या वेळी शासनाने झाडागणिक दर जाहीर केला, तो नारळास २५० व सुपारीस ५० रुपये. श्रीवर्धनची रोठा सुपारी बाजारात नावाजलेली आहे. पण नवी पोफळ लाविली तर तिला फळ धरावयास पाच-सात वर्षे लागतात. पन्नास रुपयांत एखादे रोप येईल, पण सात वर्षे येणार नाहीत. अनुवाद पुस्तकात शत्रूच्या नगरास वेढा घातला असताही तेथील फळझाडे तोडू नयेत अशी आज्ञा आहे, तिचा अर्थ अशा वेळी कळतो. फळझाड म्हणजे साठविलेला काळ होय, आणि माणसाचा गेलेला काळ कोणत्या मापाने मोजावा हे हेक्टराच्या कोष्टकात लिहिलेले नसते.

येथवर आम्ही सरकारच्या मापाविषयी बोललो. परंतु सांगावयाची मुख्य गोष्ट स्वतःविषयीची आहे, आणि ती सांगताना आम्हांस लाज वाटते. त्या जून महिन्यात ह्याच तालुक्यातील एका वस्तीत पंचनाम्याच्या वेळी आम्ही पंच म्हणून उभे होतो. आलेले कर्मचारी थकलेले होते. त्यांस त्या दिवशी आणखी बरीच घरे करावयाची होती. वाडीच्या मालकाने पडलेल्या झाडांचा आकडा सांगितला, तो खऱ्याहून जास्त होता. आम्हांस हे ठाऊक होते, कारण त्या वाडीच्या सावलीत आम्ही कितीदा तरी बसलो होतो. मालक आमच्या ओळखीचा, संकटात सापडलेला. सरकारी दर अपुरा आहे, मग थोडी झाडे वाढविली तर काय बिघडले, असे मनात म्हणून आम्ही सही केली.

वाडीच्या गडग्यापलीकडे एका कातकरी कुटुंबाची झोपडी होती. तीही पडली होती. हाच मनुष्य वर्षानुवर्षे त्या वाडीतील पोफळींवर चढून सुपारी उतरवीत असे. कर्मचाऱ्याने विचारले, "सातबारा कोणाच्या नावे आहे?" जमीन दुसऱ्याची होती. लेखणी पुढे गेली, आणि आम्ही त्याही वेळी काही बोललो नाही. संध्याकाळी आम्ही प्रार्थनेत सर्व संकटग्रस्तांसाठी देवाची करुणा भाकली. त्या "सर्व" ह्या शब्दात ते कुटुंब होते काय? ज्याच्याविषयी माणसांपुढे एक वाक्य बोलावयाचे आम्हांस धैर्य झाले नाही, त्याच्याविषयी देवापुढे आम्ही कोणत्या तोंडाने बोलत होतो?

एकाच पंचनाम्यात आमच्या हातून दोन पापे झाली, पण त्यांचे मूळ एकच. जो आमच्या जवळचा होता त्याचे आम्ही जास्त मोजले, आणि जो जवळचा नव्हता त्याला मोजलेच नाही.

हा दोष केवळ आमच्या कोकणातला नव्हे. सन २०१७ च्या सप्टेंबर महिन्यात प्युर्टो रिको नावाच्या बेटावर मारिया हे प्रचंड वादळ आले. हे बेट अमेरिकेच्या सत्तेखाली आहे. तेथील लोक सन १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत, तथापि बेटावर राहून त्यांस राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देता येत नाही. वादळानंतर मृतांचा सरकारी आकडा ६४ असा सांगण्यात आला व तो कित्येक महिने तसाच राहिला. भिंतीखाली सापडून वा पुरात बुडून मेलेले मोजले गेले; परंतु नंतर महिनोगणती वीज नाही, औषध नाही, इस्पितळाची वाट नाही, अशा स्थितीत जे मेले ते मोजले गेले नाहीत. अखेर एका विद्यापीठाकडून अभ्यास करविल्यावर सन २०१८ च्या ऑगस्टमध्ये तेथील सरकारने २,९७५ हा आकडा मान्य केला. शिवाय तेथेही वाडवडिलांच्या घरात राहणाऱ्या पुष्कळांपाशी मालकीचे कागद नसल्यामुळे त्यांचे अर्ज फेटाळले गेले. सन २०२१ मध्ये अमेरिकेच्या आपत्तीखात्याने तो नियम सैल करून इतर प्रकारचा पुरावा घेण्याची मोकळीक ठेविली. एवढ्या धनवान राष्ट्रातही कागद नसलेला मनुष्य मोजणीतून सुटला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता पहिल्या ख्रिस्ती मंडळीकडे वळू. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ ह्यात यरुशलेमेतील मंडळीची हकीकत आहे. तेथे रोजची वाटणी होत असे, आणि ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवा त्या वाटणीतून सुटत असत. ज्या मंडळीवर पवित्र आत्मा उतरला होता तिच्यातही हे घडले! प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांस गप्प बसविले नाही, की तुम्ही कृतघ्न आहा असेही म्हटले नाही. त्यांनी सात माणसे निवडून वाटणीचे काम त्यांच्या हाती देवविले. त्या सातांची नावे वाचून पाहा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना व नीकलाव. ही सर्व नावे ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा सुटत होत्या, बहुधा त्यांच्याचपैकी माणसांच्या हाती मोजणी सोपविण्यात आली. न्यायाची युक्ती अशी साधी आहे: जो मोजणीतून सुटतो त्याचा मनुष्य मोजणीस उभा करावा.

येथे कोणी म्हणेल, "सरकार अपुरे देते, वरचे लोक खातात, मग गरिबाने दहा झाडे अधिक सांगितली तर पाप कसले?" ह्या बोलण्यातील दुःख आम्ही जाणतो, पण युक्तिवाद मान्य करीत नाही. दर अपुरा असेल तर दराविरुद्ध उघड बोलावे, अर्ज करावा. खोटा आकडा हा दराविरुद्ध बोलणे नव्हे, तर शेजाऱ्याच्या ताटातून घेणे होय. आणि एकदा खोटे आकडे वाढले की खऱ्या आकड्यावरही कोणी विश्वास ठेवीत नाही, व त्याची शिक्षा पुढच्या वादळात निर्दोष मनुष्य भोगतो. दुसरा कोणी म्हणेल, "कागदाशिवाय देऊ लागलो तर लबाडांचे फावेल." फावेलही. परंतु लबाडास अडविण्यासाठी निराधारास उपाशी ठेवणे हा न्याय नव्हे. लबाड ओळखण्यासाठी साक्षीदार लागतात, आणि गावात कोण कोठे राहतो व कोण काय कष्ट करतो ह्याची साक्ष शेजाऱ्याहून चांगली कोण देईल? ती साक्ष देण्याचे धैर्य नसले म्हणजेच सर्व भार कागदावर पडतो.

म्हणून, गावोगावच्या उपदेशक बंधूंनो व मंडळीच्या पंचांनो, आमची विनंती अशी आहे. वादळ येण्यापूर्वीच आपल्या गावात कोणाच्या घरास कागद नाही, कोण दुसऱ्याची वाडी खंडाने करतो, कोणती विधवा एकटी राहते, हे जाणून असा. पंचनामा होईल तेव्हा स्वतःचा आकडा खरा सांगा, आणि जो सुटला असेल त्याचे नाव मोठ्याने सांगा. यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी असा आग्रह धरा; ती दाखविली जात नसल्यास सन २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने ती मागता येते. आणि मंडळीच्या हातून काही वाटणी होणार असेल तर तो आपल्या धर्माचा आहे की नाही हे पाहू नका; दयाळू शोमरोन्याने जखमी मनुष्यास त्याची जात विचारली नव्हती.

शास्त्रात दोन मोजण्या आहेत. दावीद राजाने आपले सामर्थ्य पाहावे म्हणून लोकांची मोजदाद केली, आणि तिच्यामुळे देशावर मरी आली. दुसरी मोजणी मेंढपाळाची आहे. शंभरांपैकी एक मेंढरू नाही हे त्याला कसे कळले? त्याने मोजले म्हणून. नव्याण्णव आहेत एवढ्यावर तो समाधान मानता, तर तो डोंगरात गेलाच नसता. पुढचे वादळ केव्हा येईल हे देव जाणे. ते ओसरल्यावर आमच्या हाती पुन्हा लेखणी येईल, तेव्हा आम्ही त्या मेंढपाळाप्रमाणे मोजावे, आणि गडग्यापलीकडच्या झोपडीपर्यंत आमची पावले जावी, एवढी कृपा प्रभु आम्हांवर करो.