टेबलापलीकडची बाजू

नेपोलियनच्या काळातल्या लढाया टेबलावर मांडून खेळणाऱ्यांचा इंग्लंडात एक पंथच आहे. अंगठ्याच्या पेराएवढे, २८ मिलिमीटरचे शिपाई विकत आणायचे, प्लास्टिकचे नाहीतर धातूचे. मग रात्री जागून, बारीक कुंचल्याने ते रंगवायचे. फ्रेंच ग्रेनेडियरच्या खांद्यावरचा गोंडा तांबडाच हवा, व्होल्टिजरचा हिरवा-पिवळा. चुकला तर कुणी फासावर देत नाही, पण चुकवायचा नाही. अशा चोवीस शिपायांची एक बटालियन झाली की दुसरी घ्यायची. असं वर्षानुवर्षं चालतं आणि एखाद्या रविवारी चारपाच मित्र हिरवं कापड अंथरलेल्या सहा फुटी टेबलाभोवती उभे राहतात, तेव्हा कुठे खेळाला तोंड लागतं.

माझा एक भाचा लीड्सला असतो आणि या पंथात पुरता बुडालेला आहे. त्याच्या मित्रमंडळींबरोबर मी एक रविवार काढला. युद्धाचा खेळ, तोही हौसेने, ही गोष्ट मला जरा खटकतच होती. तिथे मात्र माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे लागून राहिलं.

भाच्याकडे फ्रेंच घोडदळ होतं. समोर एक निवृत्त शिक्षक ऑस्ट्रियन फौज घेऊन उभे. भाच्याने हल्ला जाहीर केला, टेप लावली, आणि पहिल्या घोड्याची बैठक ठरलेल्या अंतराला केसभर कमी पडतेय असं दिसलं. तो म्हणाला, "नाही पोहोचत." शिक्षक वाकले, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "पोहोचतंय की. टेप मघाशी हलली." दोघेही एकमेकांचं वकीलपत्र घेऊन भांडत होते! शेवटी फासा टाकून निकाल लावला. तो घोडदळ पोहोचल्याचा लागला. तेवढ्यात ऑस्ट्रियन पायदळ चौकोन करून संगिनी रोखून उभं राहिलं आणि फ्रेंच घोडदळाची धूळधाण झाली. शिक्षकांनी सहानुभूतीने चहा विचारला.

या खेळात चौकोनाला घोडदळ फोडू शकत नाही, पण तोफांना तो आयता सापडतो. रांगेतल्या पायदळाची गोळीबाराची ताकद मोठी, पण घोडदळ आलं की ते कापलं जातं. वॉटर्लूला १८ जून १८१५च्या दुपारी फ्रेंच मार्शल ने याचं घोडदळ ब्रिटिश चौकोनांवर पुन्हा पुन्हा जाऊन आदळलं आणि चौकोन फुटले नाहीत, ते यामुळेच. हे गणित समजलं की टेबलावरची मजा कळते. त्यात हुकमांची गंमत आणखी. २००९ साली आलेल्या 'ब्लॅक पावडर' या नियमपुस्तकात सेनापतीने आधी हुकूम मोठ्याने बोलून दाखवायचा आणि मग फासे टाकायचे असतात. फासे उलटे पडले तर पलटण जागची हलत नाही. हुकूम सगळ्यांच्या कानावर गेलेला असतो, त्यामुळे 'मला तसं म्हणायचंच नव्हतं' ही आपल्या सार्वजनिक जीवनातली लाडकी पळवाट इथे बंद आहे.

अशा डावांचं मूळ असलेल्या प्रशियन युद्धखेळात पंच असे. फॉन राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने १८२४ मध्ये वडिलांच्या खेळावरून तो सुधारून काढला, आणि प्रशियाच्या सैन्याने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी उचलला. दोन्ही पक्षांना शत्रूचं जेवढं दिसणं शक्य आहे तेवढंच पंच दाखवायचा. मित्रांच्या रविवारच्या डावात असा पंच बहुतेक नसतो. ज्याच्याविरुद्ध जिंकायचं, त्याच्याच साक्षीवर विश्वास ठेवायचा. केसभर अंतराचा प्रश्न मग नीतीचा होऊन बसतो, कारण फसवणं अगदी सोपं असतं आणि फसवून मिळतो तो फक्त रंगवलेल्या बाहुल्यांचा एक विजय. खोटेपणाला इतकी कमी किंमत मिळणारी जागा माझ्या पाहण्यात दुसरी नाही. तरी तिथे खरं वागावं लागतं, हे मला विशेष वाटलं.

पण त्याहूनही मोठी अट आहे. खेळायचं तर कुणाला तरी शत्रू व्हावंच लागतं, आणि तेही मनापासून. इंग्रज माणूस ब्रिटिशांना हरवण्यासाठी चारचार तास डोकं खाजवतो. नेपोलियनचा गार्ड शेवटी मागे हटला तर खंतावतो. शत्रूची अडचण आतून कळल्याशिवाय त्याचा डाव खेळताच येत नाही.

दुसऱ्याच्या वाट्याचं दुसऱ्याला देणं महाग पडू शकतं, हे विल्यम सायबॉर्न नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याला पुरतं कळलं होतं. वॉटर्लूच्या रणांगणाची प्रतिकृती करण्याचं काम त्याच्याकडे आलं, तेव्हा १८३० मध्ये तो त्या माळावरच्या ला हे सँत या शेतवाड्यात काही महिने राहिला आणि चढउतार मोजले. लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवली: संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची पलटण कुठे होती, शेतात पीक कुठलं होतं? सरकारने मध्येच पैसा आखडला, तेव्हा त्याने कर्ज काढलं. १८३८ मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये प्रतिकृती लोकांसाठी खुली झाली, तिच्यात बोटाच्या नखाएवढे ७०,०००हून अधिक शिपाई होते. अडचण अशी की हाती आलेल्या पुराव्याप्रमाणे सायबॉर्नने प्रशियन फौजाही रणांगणावर पोहोचलेल्या दाखवल्या, आणि त्या भरपूर दाखवल्या. लढाईतला ब्रिटिश सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टन, त्याच्या गोटाला हे रुचलं नाही. विजय आपला, मग प्रशियन सेनापती ब्लूखरच्या माणसांनी एवढी जागा का अडवावी? सायबॉर्नवर दडपण आलं आणि त्याने बरेचसे प्रशियन शिपाई उचलून घेतले. ते तर मित्रपक्षाचे होते, तरी गर्दी करत होते. सायबॉर्नला मी दोष देत नाही. कर्जबाजारी माणसाला विजयी ड्यूकविरुद्ध किती ताणता येणार?

आता माझी तक्रार. ती युद्धाच्या खेळाने माणूस रक्तपिपासू होतो अशी नाही. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्येच लहान मुलांच्या तोफा-शिपायांवर 'लिटिल वॉर्स' नावाचं पुस्तक लिहिलं, आणि खरी युद्धं नकोत म्हणून हे खेळ खेळावेत असं त्यांचं मत होतं. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं, त्याला या पुस्तकाने ना आग लावली ना ती विझवली. माझी तक्रार एवढीच की टेबलावर जखमी नसतात. पलटण मोडली की तिला उचलून स्पंजच्या खोबणीत ठेवतात, झाकण लावतात, पुढच्या रविवारी ती ताजीतवानी. जून २०१९ मध्ये ग्लासगो विद्यापीठात २०,०००हून अधिक शिपाई मांडून वॉटर्लूचा डाव झाला. त्यातून निधी गोळा झाला तो 'वॉटर्लू अनकव्हर्ड' या संस्थेसाठी. ही संस्था युद्धात शरीराने वा मनाने जखमी झालेल्या माजी सैनिकांना बरोबर घेऊन वॉटर्लूचं उत्खनन करते. त्याच उन्हाळ्यात माँ-सां-ज्याँ या शेतवाड्याशी, जिथे वेलिंग्टनच्या सैन्याचं रुग्णालय होतं, कापून टाकलेल्या पायांची हाडं त्यांना सापडली. टेबलावर जे नव्हतं ते मातीत निघालं. खेळाचा पैसा तिथे गेला, हे मला बरं वाटलं.

आपल्या दारातली लढाई घ्या. २३ सप्टेंबर १८०३, असई, आजच्या जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यात. शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लूवर गाजलेला तोच वेलिंग्टन. केळणा नदीला उतार नाही असं वाटाड्यांनी त्याला सांगितलं, पण दोन काठांवर समोरासमोर दोन गावं पाहून त्याने ताडलं की उतार असणारच. तो होता. टेबलावर खेळणाऱ्याला नकाशावर उतार आधीच दिसतो, त्याला पूर्वजांच्या चुका काढणं सोपं. पुढे आपल्या गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत. त्यांच्यातले काहीजण प्रेतांमध्ये पडून राहिले आणि इंग्रजी फौज पुढे सरकल्यावर उठून तिच्या पाठीवर तोफा डागू लागले. इंग्रज लेखक याला दगा म्हणतात, आपण शौर्य म्हणतो. खेळाचे नियम लिहिणाऱ्याला दोन्ही विशेषणांचा उपयोग नाही. ताब्यात आलेल्या तोफेपाशी पहारा ठेवला नाही तर काय होतं, एवढंच त्याला ठरवायचं असतं. शिवाय 'आपली' बाजू म्हणावी तरी कुणाची? शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सरदार पोलमन जर्मन, आणि वेलस्लीच्या हुकमतीत मद्रासचे शिपाई, म्हैसूरचे घोडेस्वार आणि पेशव्यांच्या बाजूचे मराठी स्वारही होते. त्या दिवशी वेलस्लीची दीड हजारांवर माणसं पडली किंवा जखमी झाली.

आपल्याकडे इतिहासावरची चर्चा सुरू होते तीच मुळी एका बाजूला उभं राहून. पलीकडच्या बाजूने चार वाक्यं बोललेल्याला घरभेदी ठरवायला आपल्याला पाच मिनिटंही लागत नाहीत. भाच्याच्या मित्रांना हा प्रश्न पडत नाही. ते बाजू बदलतात, आणि घरी जाताना देशद्रोही होऊन जात नाहीत.

पुण्या-मुंबईत टेबलावरचे खेळ खेळणारी तरुण मंडळी आता बरीच आहेत. त्यांतल्या कुणी असईचा डाव मांडलाच, तर एक विनंती: बाजू चिठ्ठी टाकून ठरवा, आवडीने नको. आणि ज्याच्या वाट्याला वेलस्ली येईल त्याने हरायच्या इराद्याने खेळू नये.