पहिला हात

गावाकडून आलो आणि नवी पेठेत मोटर भरायच्या दुकानात लागलो. वस्ताद म्हणायचे, "आपण भरलेल्या मोटरचं बटण आधी आपणच दाबायचं. शॉक बसायचा तर आपल्याला बसू दे, गिऱ्हाइकाला नको." खरेपणा म्हणजे एवढाच, असं मी धरून चाललो.

पुढं कॅप्टन अमोल यादवांचं वाचलं. कांदिवलीत गच्चीवर विमान बांधलं, पण नोंदणीला 2017 उजाडलं आणि धुळ्यात चाचणी व्हायला 2020. मी चिडायचो. जीव त्यांचा, मग कागद कशाला?

ऑगस्ट 2021 मध्ये यवतमाळकडच्या फुलसावंगीत एका वेल्डिंगवाल्या पोरानं स्वतः केलेलं हेलिकॉप्टर चालू करून बघितलं. पातं तुटून डोक्याला लागलं, पोरगा गेला. हिंमत त्याचीही तेवढीच होती. ते पातं तपासणारं जाणकार माणूस मात्र शेजारी नव्हतं.

तेव्हा ध्यानात आलं. मी बटण दाबायच्या आधी वस्ताद एकेक जोड स्वतः बघायचे. जीव आपला म्हणतो आपण, पण मागं रडतं ते घर. पहिला हात आपलाच असावा; त्याआधी नजर मात्र दुसऱ्याची फिरलेली असावी.